कोंबडी दिली, कवच कोण देणार?

पेण, रोहा (प्रतिनिधी)

जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धन व्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. २५ हजारांपर्यंत मांसल आणि ५० हजारांपर्यंत अंडी देणाऱ्या कोंबड्या पाळणाऱ्यांना वीजदर, ग्रामपंचायतीचा कर, कर्जावरील व्याज अशा बाबतींत शेतकऱ्यासारख्या सवलती मिळण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. निर्णय स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. मात्र पेण तालुक्यातील खाडीकाठच्या गावात किंवा रोहा तालुक्यातील डोंगरकुशीतल्या वाडीवर आठ-दहा कोंबड्या पाळणाऱ्या बाईच्या पदरात यातून काय पडणार, असे विचारले तर उत्तर फारसे उत्साहवर्धक नाही. तिच्या खुराड्याला विजेचे मीटर नसते, त्यावर कर लागत नाही आणि दहा कोंबड्यांसाठी कोणतीही बँक कर्जाची फाइल उघडत नाही.

तिची अडचण निराळीच आणि दिसायला अगदी क्षुल्लक आहे. खुराड्यातून उचललेले अंडे हातात दबते. कधी कवच इतके पातळ असते, की टोपलीत दुसऱ्या अंड्याला टेकताच तडकते. कधी कवचाऐवजी नुसता पापुद्राच असतो. भरात आलेली कोंबडी एके दिवशी पाय पसरून बसते आणि उठत नाही. कोंबडी आजारी पडली असे समजून ती मिळेल त्या किमतीला विकली जाते किंवा त्या दिवशीच्या रश्शात जाते. पुष्कळदा या साऱ्यामागे कोणताही रोग नसतो. कोंबडीच्या खुराकात चुना, म्हणजे कॅल्शियम, पुरेसे नसते इतकेच.

सुधारित जातीच्या कोंबड्या गावोगाव पोहोचवण्याच्या योजनांना आता बरीच वर्षे झाली. या कोंबड्या गावठी कोंबडीच्या दुप्पट-तिप्पट अंडी देतात, म्हणूनच त्या दिल्या जातात. पण या जादा अंड्यांना लागणारे जादा कवच कोठून येणार, याचा विचार योजनेच्या कागदावर जेवढा व्हायला हवा तेवढा झालेला दिसत नाही. विशेष म्हणजे, ज्या दोन तालुक्यांचा येथे विचार करायचा आहे, तेथे या कमतरतेवरचा उपाय खाडीच्या काठावर अक्षरशः पडून आहे.

एका अंड्याचा हिशेब

शहरातील ग्राहक अंडे फोडतो आणि कवच कचऱ्यात टाकतो. कोंबडीच्या दृष्टीने मात्र अंड्यातील सर्वांत महागडा भाग तोच असतो. साधारण साडेपाच ते सहा ग्रॅम वजनाच्या या कवचाचा ९५ टक्क्यांच्या आसपास भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. म्हणजे एका अंड्यामागे कोंबडीच्या शरीरातून सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम बाहेर पडते. तिच्या संपूर्ण सांगाड्यात मिळून कॅल्शियम असते ते २० ग्रॅमच्या घरात. एक अंडे म्हणजे अंगातल्या कॅल्शियमचा जवळजवळ दहावा हिस्सा झाला.

हे कवच तयार व्हायला सुमारे २० तास लागतात आणि त्यातला बराचसा काळ रात्रीचा असतो. कोंबडी त्या वेळी खुराड्यात झोपलेली असते, खात नसते. अशा वेळी पोटात सावकाश विरघळणारा चुन्याचा खडा असेल तर तो उपयोगी पडतो. नसेल तर शरीर हाडांतील साठा काढू लागते. निसर्गाने त्यासाठी कोंबडीच्या लांब हाडांत एक खास राखीव साठा ठेवला आहे. पण तो दररोज काढायचा आणि कधीच भरायचा नाही, असे फार काळ चालत नाही. आधी कवच पातळ होते, मग अंडी कमी होतात आणि शेवटी हाडे ठिसूळ होऊन कोंबडी बसते. घराच्या मिळकतीतून न भागणारा खर्च घरच्या पुंजीतून भागवत राहावा, तसा हा प्रकार आहे.

खाल्लेले सगळेच कॅल्शियम अंगी लागत नाही. निम्म्याच्या आसपासच शोषले जाते. म्हणून अंडे देण्याच्या दिवशी कोंबडीला खाण्यातून चार ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळावे लागते. व्यावसायिक पोल्ट्रीतील अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम ठेवतात ते याच हिशेबाने.

आता परसातील कोंबडीच्या ताटाकडे पाहू. पेण-रोह्याकडे मुख्य पीक भाताचे. कोंबडीपुढे पडतो तो तांदूळ, कणी, कोंडा आणि उरलेला भात. १०० ग्रॅम तांदळात कॅल्शियम असते जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास. हवे चार ग्रॅम आणि मिळते त्याचा चारशेवा भाग. कोंड्यात फॉस्फरस भरपूर असतो, परंतु तो ज्या स्वरूपात असतो तो कॅल्शियमला उलट बांधून ठेवतो. डोंगरपट्ट्यात पिकणारी नाचणी या बाबतीत सर्व तृणधान्यांत उजवी मानली जाते. तिच्यात १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पण केवळ नाचणीवर कवचाची गरज भागवायची तर कोंबडीला दिवसाला किलोभराहून अधिक नाचणी खावी लागेल. ती खाते १०० ग्रॅमच्या आसपास. थोडक्यात, धान्य कितीही टाकले तरी कवचाचा प्रश्न धान्याने सुटत नाही.

जात बदलली, खुराक तोच

मग आजवर कसे चालले होते, असा प्रश्न साहजिकच पडतो. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६०, फार तर ७० अंडी देते. तीही सलग नाही. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते, अंड्यांवर बसते, पिल्ले काढते आणि त्यांना घेऊन फिरते. या काळात अंडी बंद असतात आणि उकिरडा उकरून मिळालेले गांडूळ, गोगलगाय, भिंतीच्या चुन्याचा पोपडा अशा गोष्टींतून हाडांतला साठा हळूहळू भरून निघतो. खुडूक होण्याला आपण कोंबडीचा आळस समजलो. वास्तविक ती तिची विश्रांती होती आणि तूट भरून काढण्याची मुदतही होती.

सुधारित जातींचे तसे नाही. हैदराबादच्या केंद्रीय कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली ‘वनराजा’ परसात वर्षाला १०० ते १२० अंडी देते. त्याच संस्थेची ‘ग्रामप्रिया’ १६० ते १८० पर्यंत जाते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची ‘गिरिराजा’ही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला अनेक वर्षांपासून परिचित आहे. या कोंबड्यांत खुडूक होण्याची प्रवृत्ती फार कमी ठेवलेली आहे. ६० अंडी देणारी गावठी कोंबडी वर्षाकाठी कवचातून सुमारे १२० ग्रॅम कॅल्शियम देते. १८० अंडी देणारी ग्रामप्रिया देते ३६० ग्रॅम. तिच्या स्वतःच्या सांगाड्यातील एकूण साठ्याच्या १५ पटींहून हे अधिक झाले. परस मात्र तेच, उकिरडाही तोच आणि पुढ्यात पडणारी कणीही तीच.

संशोधकांना याची कल्पना नव्हती, असे म्हणता येणार नाही. परसातील सुधारित कोंबड्यांना चुनखडीची भुकटी किंवा शिंपल्यांचा चुरा दररोज प्रत्येकी ४ ते ५ ग्रॅम द्यावा, म्हणजे कवच सुधारते आणि अंडी कमी फुटतात, अशी शिफारस हैदराबादच्या संस्थेनेच केलेली आहे. दहा कोंबड्यांसाठी वर्षभराचा हिशेब केला तर हा चुरा १५ ते १८ किलो भरतो. एक लहानशी गोणी. कोंबडीखाद्यातील जे घटक आहेत त्यांत चुनखडी सर्वांत स्वस्त घटकांपैकी एक. एवढी साधी आणि स्वस्त गोष्ट शिफारशीच्या कागदावरून खुराड्यापर्यंत का जात नाही, हाच खरा प्रश्न आहे.

खाडीला मुबलक, डोंगराला दुर्मीळ

रायगड जिल्ह्याचा हा पट्टा निसर्गाने दोन भागांत विभागला आहे. पेणच्या पश्चिमेला धरमतरच्या खाडीचा आणि खारभूमीचा मुलूख. दादर, रावे यांसारख्या गावांच्या आसपास खाजण, खारफुटी आणि भरतीचे पाणी. रोह्याची कुंडलिका पुढे रेवदंड्याच्या खाडीला मिळते. या दोन्ही खाड्यांच्या काठी तिसऱ्या, खुबे, कालवे हे रोजच्या जेवणातले पदार्थ. आतले मांस शिजते आणि शिंपले घरामागे फेकले जातात. या शिंपल्यांत कॅल्शियमचे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या चुनखडीच्या तोडीचे.

कोकण किनाऱ्याला या शिंपल्यांचे मोल कधी ठाऊक नव्हते असे नाही. शिंपले भाजून चुना करण्याची परंपरा येथे जुनी आहे. सिमेंट येण्यापूर्वी बांधकामाचा आणि रंगसफेदीचा चुना असाच होत असे. मुंबईतील चुनाभट्टीच्या नावात त्या धंद्याची खूण अजून शिल्लक आहे. सिमेंट आले, भट्ट्या विझल्या आणि शिंपला पुन्हा कचरा झाला.

दुसरीकडे, रोह्याच्या आणि पेणच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात कातकरी आणि ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. भातकापणीनंतर वीटभट्टीवर किंवा अन्यत्र मजुरीला जाणाऱ्या या कुटुंबांना चार कोंबड्या म्हणजे अडीअडचणीची पुंजी असते. परंतु येथे शिंपला नाही. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या कोकणच्या आम्लधर्मी जमिनीतून चुनाही धुपून जातो. ज्या कोंबडीला चुना हवा ती डोंगरात आणि चुना पडलेला खाडीकाठी, अशी ही स्थिती आहे. दोहोंमध्ये अंतर एका एसटीच्या प्रवासाचे.

ऋतूचाही यात वाटा आहे. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते. त्यामुळे रक्तातील रसायनाचा समतोल बिघडतो आणि कवचासाठी लागणारा कार्बोनेट कमी पडतो. शिवाय उन्हामुळे ती खातेही कमी. उन्हाळ्यात अंडी पातळ होतात ती यामुळे. पुढे पावसाळ्यात आभाळ आठवडेच्या आठवडे भरलेले असते आणि कोंबड्या खुराड्यात किंवा ओसरीवर कोंडलेल्या असतात. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवे आणि मोकळ्या कोंबडीला ते उन्हातून मिळते. ऊनच नसेल तर दिलेले कॅल्शियमही पुरते उपयोगी पडत नाही.

त्यातच बर्ड फ्लूची टांगती तलवार आहे. जानेवारी २०२५ मध्ये रायगड जिल्ह्यातीलच उरण तालुक्यातील चिरनेर येथे या रोगाचा प्रादुर्भाव झाला आणि कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अशा प्रसंगी आसपासच्या गावांतील कोंबड्या मोकळ्या सोडू नका असे सांगितले जाते आणि ते योग्यच असते. पण कोंडलेली कोंबडी उकिरड्यापासूनही तुटते. तेव्हा तिला लागणारा चुन्याचा कण न् कण हातानेच घालावा लागतो.

निवळी, बाटली आणि पांढरी भुकटी

गावात या दुखण्यावर उपाय नाहीत असे नाही. चुन्याची निवळी पाजणे हा त्यातला सर्वांत जुना. खायचा चुना पाण्यात कालवून वरचे निवळ पाणी कोंबड्यांपुढे ठेवायचे. उपाय निरुपद्रवी आहे, पण तो पुरेसा आहे का? एक लिटर पाण्यात चुना विरघळतो तो दीड ग्रॅमच्या थोडा वर. त्यात निव्वळ कॅल्शियम एक ग्रॅमहूनही कमी. कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आतबाहेर पाणी पिते. म्हणजे तिच्या वाट्याला पाव ग्रॅमदेखील येत नाही. खाली बसलेला चुना मात्र खाण्यात मिसळू नये. तो दाहक असतो आणि चोचीला व अन्ननलिकेला इजा करतो.

दुसरा उपाय बाटलीचा. पशुखाद्याच्या दुकानात मिळणारी कॅल्शियमची द्रावणे पाण्यातून देतात. आजारी किंवा अशक्त पक्ष्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती तात्पुरती उपयोगी पडतात. परंतु रोजचा खुराक म्हणून त्यांचा हिशेब बसतो का, हे लेबल वाचून ज्याचे त्याने पाहावे. समजा, १०० मिलिलिटर द्रावणात दोन ग्रॅम कॅल्शियम आहे आणि तेवढी मात्रा १०० कोंबड्यांना सांगितली आहे. मग एका कोंबडीला मिळाले २० मिलिग्रॅम. एका अंड्याच्या कवचाला हवे त्याच्या शंभर पट. बाटलीला पैसे पडतात, शिंपल्याला पडत नाहीत, आणि तरीही विश्वास बाटलीवर अधिक बसतो, हा अनुभव केवळ कुक्कुटपालनापुरता मर्यादित नाही.

तिसरी गोष्ट पेणपुरती सांगायला हवी. गणेशमूर्तींच्या या गावात आणि हमरापूर, जोहे परिसरात पांढरी भुकटी आणि मूर्तींचे फुटके तुकडे सहज मिळतात. शाडू ही माती आहे आणि प्लास्टर ऑफ पॅरिस हे कॅल्शियम सल्फेट. चुनखडीला यांपैकी काहीच पर्याय नाही. प्लास्टर ओले झाल्यावर घट्ट बसते आणि रंगवलेल्या तुकड्यांबरोबर रंगातील घातक द्रव्येही पोटात जातात. पांढरे ते सगळे कॅल्शियम, हा समज कोंबडीच्या जिवावर बेतू शकतो.

एक गोंधळ आणखी आहे. कोंबड्या अंगणातील वाळूचे खडे टिपतात म्हणजे त्यांना हवे ते मिळते, असे अनेकांना वाटते. कोंबडीला दात नसतात. चिकनच्या दुकानात ज्याला आपण पेटा म्हणतो त्या स्नायूच्या पिशवीत हे खडे दाणा भरडण्याचे काम करतात. ते विरघळत नाहीत, म्हणून कवचाला त्यांचा उपयोग शून्य. दळणारा खडा वेगळा आणि विरघळणारा चुनखडा वेगळा. कोंबडीला दोन्ही लागतात.

शिंपले देण्याची रीत त्यामानाने सोपी आहे. ते गोड्या पाण्यात भिजवून, धुऊन मीठ काढून टाकावे, कारण जास्त मीठ कोंबड्यांना बाधते. नंतर कडक उन्हात वाळवून किंवा तव्यावर भाजून बत्त्याने कुटावे. पीठ करू नये. तांदळाच्या कणीपासून ज्वारीच्या दाण्यापर्यंतचे तुकडे चांगले, कारण ते पेट्यात रात्रभर राहून सावकाश विरघळतात. हा चुरा दाण्यात मिसळण्याऐवजी करवंटीत वेगळा ठेवावा. अंड्यावर आलेली कोंबडी गरजेपुरता तो आपणहून टिपते, विशेषतः संध्याकाळच्या सुमारास. कोंबड्याला आणि पिल्लांना त्याची तेवढी गरज नसते. पिल्लांना तर जादा कॅल्शियम मूत्रपिंडाला अपायकारक ठरते. म्हणून तलंगा अंड्यावर येण्याच्या सुमारास, साधारणतः पाच-सहा महिन्यांच्या झाल्यावर, हा चुरा सुरू करावा.

जेथे शिंपले नाहीत तेथे अंड्यांचीच कवचे वापरता येतात. मात्र ती उकळून किंवा भाजून घ्यावी लागतात, अन्यथा रोगजंतू परत येतात. आणि बारीक कुटूनच द्यावीत, नाहीतर कोंबडीला स्वतःचीच अंडी फोडून खाण्याची खोड लागू शकते. यात एक अडचण आहे. घरी खाल्लेल्या अंड्याचे कवच घरी राहते, विकलेल्या अंड्याबरोबर ते गावाबाहेर जाते. म्हणजे जी बाई जास्त अंडी विकते तिच्याकडे चुन्याची तूट जास्त. पेण आणि रोह्याच्या बाजारपेठेतील अंडाबुर्जीच्या गाड्यांवरून, खाणावळींतून रोज फेकली जाणारी कवचे पाहिली, की ही तूट नेमकी कोठे जाऊन पडते ते कळते.

सगळाच दोष चुन्याचा नाही

अर्थात, पातळ कवच दिसले की चुना हेच उत्तर, असे समजणेही धोक्याचे ठरेल. मानमोडी अर्थात राणीखेत आणि श्वसनमार्गाचे काही विषाणुजन्य रोग यांतही अंडी एकाएकी घटतात, वेडीवाकडी किंवा पातळ होतात. वय झालेल्या कोंबडीचे अंडे मोठे आणि कवच पातळ होते. एकाच वेळी अनेक कोंबड्यांची अंडी बिघडली, कोंबड्या सुस्तावल्या किंवा मरू लागल्या, तर करवंटी भरत बसण्यापेक्षा पशुवैद्यकीय दवाखाना गाठणे शहाणपणाचे. लसीकरणाला चुना हा पर्याय नव्हे.

शिंपले कोठून घ्यायचे, याचेही तारतम्य हवे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचे नाव होते आणि नदीच्या काठी धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. अशा सांडपाण्याच्या वाटेवरील शिंपले टाळलेले बरे. तसेच कोंबड्यांच्या नावाखाली खाडी खरवडून जिवंत कालवांच्या जागा उद्ध्वस्त करण्याचेही कारण नाही. स्वयंपाकघरातून बाहेर पडणारे शिंपले एवढ्या कामाला पुष्कळ होतात.

प्रश्न अंड्यांचा, हिशेब बाईचा

शहरी वाचकाला हा सारा तपशील कदाचित फार घरगुती वाटेल. परंतु आकडे घरगुती नाहीत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील ८५ कोटी कोंबड्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातील असल्याचे दिसून आले. आधीच्या गणनेच्या तुलनेत परसातील कोंबड्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढल्या, तर व्यावसायिक पोल्ट्रीतील वाढ पाच टक्क्यांच्याही आत राहिली. २०२३-२४ मध्ये देशाने १४ हजार २७७ कोटी अंडी उत्पादित केली, तरी माणशी वाटा येतो वर्षाला १०३ अंड्यांचाच. एकविसाव्या पशुगणनेला ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रारंभ झाला. गणनेत कोंबडी मोजली जाते. खुराड्यातच फुटलेले अंडे कोणत्याही रकान्यात येत नाही.

त्या अंड्याचा हिशेब मांडून पाहू. दहा कोंबड्या, प्रत्येकी १६० अंडी, म्हणजे वर्षाला १६००. दहातले एक अंडे पातळ कवचामुळे वाया गेले असे धरले, तर १६० अंडी गेली. एक अंडे दहा रुपयांना धरले तरी नुकसान १६०० रुपयांचे. ते टाळण्यासाठी लागते ती १५-१८ किलो चुऱ्याची गोणी. शिवाय पातळ कवचाच्या अंड्यातून ओलावा लवकर उडून जातो आणि आतील गर्भ मरतो. खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवलेली अंडी उबत नाहीत आणि पुढची पिढी पुन्हा विकत घेण्याची पाळी येते. कोंबड्यांचा हा पैसा बहुतांश ठिकाणी घरातील बाईच्या हातात राहतो. पोरांची वही, आजारपणातील औषध, एसटीचे भाडे हे त्यातून भागते. नुकसान होते ते नेमके तिच्या हातातल्या पैशाचे.

ग्राहकाचाही एक गैरसमज दूर करायला हवा. कोंबडीला चुना दिला म्हणून अंड्याच्या बलकात कॅल्शियम वाढत नाही. खाण्याच्या भागात ते अंड्यामागे २५-३० मिलिग्रॅमच असते आणि साधारण तेवढेच राहते. तेव्हा ‘कॅल्शियमयुक्त गावरान अंडी’ अशी जाहिरात उद्या मुंबई-गोवा महामार्गावर दिसलीच, तर तिला भुलण्याचे कारण नाही. फायदा होतो तो कोंबडीला, विकणाऱ्या बाईला आणि अंडी धडपणे घरी नेणाऱ्याला.

योजनेत एक ओळ

यासाठी नवी योजना काढण्याची आवश्यकता नाही. आहे त्या योजनांत एका ओळीची भर पुरेशी आहे. राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेतून २५ माद्या व तीन नरांचा तलंगा गट किंवा १०० एकदिवसीय पिल्ले ५० टक्के अनुदानावर दिली जातात. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानातूनही परसातील कुक्कुटपालनाला प्रोत्साहन मिळते. या सर्वांचा भर पक्षी लाभार्थीच्या हाती पडण्यावर आणि सुरुवातीच्या काळावर असतो. अंडी सुरू झाल्यावरचा खुराक हा लाभार्थीचा प्रश्न समजला जातो. तलंगा गटाबरोबर शिंपल्याच्या चुऱ्याची एक गोणी आणि तो कधी, किती, कसा द्यायचा हे सांगणारा मराठीतील एक कागद दिला, तर अनुदानाच्या रकमेत जाणवण्याजोगी वाढ होणार नाही. दिलेल्या कोंबड्या मात्र टिकतील.

त्यासाठी लागणाऱ्या संस्था याच परिसरात आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र रोह्यानजीक किल्ला येथे आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय पेणला आहे. ‘उमेद’ अभियानातून उभे राहिलेले महिला बचत गट खाडीकाठीही आहेत आणि डोंगरातही. खाडीकाठच्या गटांनी शिंपले धुऊन, वाळवून, कुटून पिशव्या भराव्यात आणि डोंगरातील गटांनी त्या घ्याव्यात, एवढी सांगड घालणारा कोणी हवा. त्यातून खाडीकाठच्या बायकांना चार पैसे मिळतील आणि वाडीवरच्या बाईला औषधाच्या दुकानात जावे लागणार नाही. चुरा स्वच्छ आहे की नाही हे तपासण्याची जबाबदारी कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थेने उचलली, तर कुंडलिकेच्या प्रदूषणाची शंकाही दूर होईल.

अंडी स्थानिक पातळीवर खपायलाही हवीत. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवून ही बाब लोकसहभागावर सोपवण्यात आली. वाडीवरची कोंबडी आणि वाडीवरची शाळा यांची गाठ घालून देणारा एक धागा त्यामुळे सैल झाला. तो पुन्हा बांधता आला, तर पातळ कवचाची अंडी दूरवर नेताना फुटण्याचा प्रश्नही काही अंशी आपोआपच कमी होईल.

विकासाच्या योजनांचे मोजमाप आपल्याकडे वाटपाच्या आकड्यांवर होते. किती पिल्ले वाटली, किती गट दिले, किती लाभार्थी झाले याची उत्तरे अहवालात मिळतात. वाटलेल्या कोंबड्यांपैकी वर्षानंतर किती पायांवर उभ्या आहेत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शेतीच्या बरोबरीचा दर्जा मिळालेल्या या व्यवसायात ५० हजार कोंबड्यांच्या मालकाचा विचार झाला, ते चांगलेच झाले. दहा कोंबड्यांच्या मालकिणीची मागणी त्या मानाने किती लहान आहे! खाडीकाठी पडलेले मूठभर शिंपले कुटून तिच्या करवंटीपर्यंत पोहोचवायचे आहेत. तेवढे जमले, तर तिच्या टोपलीतली अंडी बाजारापर्यंत तरी न फुटता जातील.